नावाला वरिष्ठ?

लोकसभा पाच वर्षांनी विसर्जित होते, राज्यसभा कधीच नाही. तिचे एक तृतीयांश खासदार दर दोन वर्षांनी निवृत्त होतात. महाराष्ट्राच्या १९ जागांसाठी आपण नव्हे, आपले आमदार मत देतात. दोन सभागृहांची ही रीत १९१९ च्या कायद्याने आली. तेव्हाचं वरचं सभागृह म्हणजे जमीनदार-धनिकांची बैठकच! आज पैशाच्या बाबतीत राज्यसभा नावालाच वरिष्ठ: धन विधेयक १४ दिवसांत परत केलं नाही, तर मंजूर धरलं जातं. इतर विधेयकांवर तिढा पडला तर दोन्ही सभागृहांची संयुक्त बैठक. ती आजवर तीनदाच झाली: १९६१ साली हुंडाबंदीसाठी, मग १९७८ आणि २००२ मध्ये. तिथे लोकसभेची डोकी जास्त, त्यामुळे निकाल बहुधा ठरलेला. घटनादुरुस्तीला मात्र ही पळवाट नाही.