कॉलेजच्या अंकाचा धडा, कॅटलॉगच्या कामाचा

भाईंदरमध्ये स्टीलच्या भांड्यांचा धंदा करताय आणि कॅटलॉग छापायचाय? मग माझी चूक ऐका. कॉलेजच्या वार्षिक अंकात मी उत्तनच्या वाळत्या बोंबलांचा फोटो व्हॉट्सअॅपवरून घेऊन पानभर लावला. छापून आला तो धूसर! मोबाईलवर झकास दिसणारा फोटो कागदावर फसतो, कारण ए-४ पानाला ३०० डीपीआयने साधारण २४८० बाय ३५०८ पिक्सेल लागतात. पुढच्या वर्षी मूळ फाइल मागवली, कडेला ३ मिलिमीटर ब्लीड ठेवलं, आधी प्रूफ काढलं. तुम्हीही तेच करा. स्टीलवर फ्लॅश नको, चमक येते. खिडकीच्या उजेडात, समोर पांढरा पुठ्ठा धरून फोटो काढा. अंक चुकला तर मित्र हसतात, कॅटलॉग चुकला तर ऑर्डर जाते. हजार प्रतींआधी एक छापून बघाच!