हशा पिकल्यावर

राजकारण्याला पाहुणा म्हणून बोलावणाऱ्या विनोदी कार्यक्रमात सूत्रसंचालकाची खरी कसोटी प्रश्न विचारून झाल्यावर लागते. प्रश्न आला की आधी हशा पिकतो. पाहुणाही हसतो, प्रेक्षकांकडे बघतो, टाळ्या ओसरेपर्यंत थांबतो. तेवढ्यात त्याला उत्तर सुचलेलं असतं. कॅमेराही नेमका त्याच क्षणी प्रेक्षकांवर जातो, त्यामुळे पाहुण्याचा चेहरा काय म्हणत होता ते आपल्याला दिसतच नाही.

वाळूजच्या औद्योगिक वसाहतीतल्या बजाजनगरात आमच्या इमारतीत अशा कार्यक्रमांचे भाग दोन-तीन घरं मिळून बघतात. फर्स्ट शिफ्ट करून आलेले समोर बसतात. सेकंडवाले नंतर मोबाइलवर बघतात आणि दुसऱ्या दिवशी गेटवर त्यावर बोलतात. मी दोन्ही करतो. आधी सगळ्यांबरोबर, मग एकट्याने, प्रश्न संपला की थांबवून.

29 जुलै 2022 रोजी झी मराठीवर ‘बस बाई बस’ सुरू झालं. सूत्रसंचालक सुबोध भावे, समोर सगळ्या बायका आणि पहिल्या पाहुण्या खासदार सुप्रिया सुळे. बरोबर महिनाभर आधी उद्धव ठाकरे यांनी मुख्यमंत्रिपदाचा राजीनामा दिला होता. राज्याच्या मंत्रिमंडळात मुख्यमंत्री आणि उपमुख्यमंत्री असे दोघेच होते. आमच्या जिल्ह्यातल्या शिवसेनेच्या सहापैकी पाच आमदारांनी नवे मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांची वाट धरली होती. वाळूजच्या चहाच्या टपरीवर दुसरा विषय नव्हता. एवढं सगळं ताजं असताना त्या खुर्चीत बसायला तयार होणं, हे मला मोलाचं वाटतं. पुढच्या वर्षी जूनमध्ये अवधूत गुप्ते यांचं ‘खुपते तिथे गुप्ते’ परत आलं, तेव्हा सुरुवात राज ठाकरे यांच्यापासून झाली. नंतर तेव्हा मुख्यमंत्री असलेले शिंदेही येऊन बसले.

पण दोन्हीकडे राजकारणी हा मानाचा पाहुणा. मैफल त्याच्याभोवती असायची. घर, माहेर, जुने फोटो, एखादा चिमटा आणि लगेच फुंकर. शेजारच्या काकू एकदा पटकन म्हणाल्या, “प्रश्न भारी होता, पण उत्तर कुठं दिलं?” थांबवून बघताना मला वारंवार तेच दिसतं. दुसऱ्यांदा विचारायची वेळ येते तेव्हा हशा अजून चालू असतो, आणि तो ओसरतो तोवर पुढचा प्रश्न आलेला असतो.

ब्रिटनमध्ये बीबीसीवर 1990 पासून ‘हॅव आय गॉट न्यूज फॉर यू’ चालतं. तिथे खासदाराला विनोदवीरांच्या शेजारी, संघातला एक गडी म्हणून बसवतात आणि त्या आठवड्याच्या बातम्यांवर प्रश्न टाकतात. 1993 मध्ये मजूर पक्षाचे रॉय हॅटर्सली ऐन वेळी आले नाहीत. त्यांच्या जागी चरबीचा डबा ठेवून कार्यक्रम पार पाडला गेला. मला त्यात भावलं ते हे की पाहुण्यासाठी खेळ थांबला नाही.

बातम्यांची अशी प्रश्नमंजूषा मराठीत व्हावी, असं मला मनापासून वाटतं. मुलाखतीत नेता तासभर बोलू शकतो, कारण बोलणं हेच त्याचं काम. प्रश्नमंजूषेत मात्र उत्तर येतं किंवा येत नाही, आणि ते सगळ्यांसमोर कळतं. विनोद तिथे हवाच. चुकलेल्या माणसाला पुढच्या प्रश्नापर्यंत बसवून ठेवायला तोच उपयोगी पडतो.

असा कार्यक्रम निघाला तर काय विचारायचं, हा विषय मी मुद्दाम आमच्या घोळक्यात काढला. उत्तरं भराभर आली. कंत्राटी कामगाराला आज दिवसाला हातात किती पडतात? सिलिंडर कितीला मिळतो? एका दहा बाय दहाच्या खोलीचं भाडं किती? सेकंड शिफ्ट सुटल्यावर घरी जायला कोणती गाडी मिळते? प्रेस शॉपवरच्या एकाने त्यात भर घातली : परमनंट होण्यासाठी किती वर्षं थांबायचं? हा प्रश्न पहिल्या फेरीतच ठेवा, असं सगळ्यांनी एकमताने ठरवलं.