बातमीचे पैसे कुणी दिले?

चिकलठाण्यात कारखान्यांची सकाळची पाळी सुरू होण्याआधी चहाच्या टपरीवर एकच वर्तमानपत्र पाच-सहा हातांतून फिरते. जाहिरात दिसली की आपण पान उलटतो. बातमी दिसली की थांबतो आणि घरी येऊन सांगतो. कोणत्या योजनेचा अर्ज भरायचा, मुलीला प्रवेश कुठे घ्यायचा, हे त्यावरच ठरते. म्हणून त्या बातमीचे पैसे कुणी दिले, हे आपल्याला कळायला हवे.

ऑक्टोबर २००९ मध्ये तेव्हाचे मुख्यमंत्री अशोक चव्हाण नांदेड जिल्ह्यातल्या भोकरमधून विधानसभेला उभे होते. त्यांचे गुणगान करणारा एकच मजकूर तीन स्पर्धक मराठी दैनिकांत बातमी म्हणून आला. पत्रकार पी. साईनाथ यांनी हे उघड केले. चव्हाणांनी वर्तमानपत्रांतल्या जाहिरातींवर दाखवलेला खर्च होता ५,३७९ रुपये! निवडणूक आयोगाने २०१४ मध्ये त्यांच्या हिशेबावर ठपका ठेवला. दिल्ली उच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. यात सरकारी पैसा होता असे सिद्ध झालेले नाही, हेही सांगितले पाहिजे. पण उद्या याच वाटेने तिजोरीतला पैसा गेला तर?

अमेरिकेत तो गेला होता. तिथल्या शिक्षण खात्याने आर्मस्ट्राँग विल्यम्स या भाष्यकाराशी २,४०,००० डॉलरचा करार केला. त्याने नव्या शालेय कायद्याची भलामण केली, कराराबद्दल मात्र प्रेक्षकांना सांगितले नाही. संसदेच्या परवानगीशिवाय प्रचारावर सरकारी पैसा खर्चू नये, ही अट तिथे १९५१ पासून खर्चाच्या कायद्यांत आहे. तिच्याच आधारे सरकारी लेखापरीक्षकांनी २००५ मध्ये हा छुपा प्रचार बेकायदा ठरवला.

आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने मे २०१५ मध्ये सरकारी जाहिरातींसाठी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. चर्चा रंगली ती फोटो कुणाचा छापावा यावर.

सरकारने बोलूच नये, असे आम्ही म्हणत नाही. लसीकरणाचा दिवस, शिष्यवृत्तीची मुदत सरकारनेच सांगायची. (सरकारी जाहिरात छोट्या मासिकांनाही हवीच असते.) बंदी हवी ती लपवण्यावर. पैसे देऊन छापलेल्या लेखावर, बनवलेल्या व्हिडिओवर तसे ठळक लिहिलेले असावे. नसेल तर रक्कम मंजूर करणाऱ्याकडून वसूल व्हावी. आमदारांना हे अवघड वाटू नये. निवडणुकीच्या साध्या पत्रकावरही मुद्रक-प्रकाशकाचे नाव छापण्याची सक्ती कायद्याने आधीच केलेली आहे, आणि ती पाळूनच ते निवडून येतात.