हजेरीपटावरचे नाव आणि वर्गातली जागा

साताऱ्याच्या राजवाड्यात भरणाऱ्या सरकारी शाळेच्या नोंदवहीत ७ नोव्हेंबर १९०० रोजी भिवा रामजी आंबेडकर हे नाव लिहिले गेले. अनुक्रमांक १९१४. महाराष्ट्रात हा दिवस आता विद्यार्थी दिन म्हणून पाळला जातो. पण साताऱ्यातल्या शाळकरी दिवसांविषयी बाबासाहेबांनी पुढे जे लिहिले त्यात गोणपाट आहे. ते वर्गाच्या कोपऱ्यात वेगळे अंथरायचे आणि संध्याकाळी गुंडाळून घरी न्यायचे. अस्पृश्यतेच्या अन्यायाशी आजच्या विषयाची बरोबरी करायची नाही. मात्र शाळेत नाव लागणे आणि वर्गात जागा मिळणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, हे समजायला सातारकरांना परगावचा दाखला लागत नाही.

आजचा विषय आहे स्वमग्न मुलाचा. १९४३ मध्ये अमेरिकेत लिओ कॅनर यांनी अकरा मुलांची निरीक्षणे प्रसिद्ध केली आणि या अवस्थेला वैद्यकात स्वतंत्र स्थान मिळाले. मराठीत रुळलेला ‘स्वमग्नता’ हा शब्द थोडा फसवा आहे. मूल आपल्यातच दंग आहे, त्याला जगाचे काही पडलेले नाही, असा भास त्यातून होतो. अनेकदा गोष्ट उलट असते. जग त्याच्यावर एकदम आणि फार जोरात येऊन आदळत असते. इतरांचे हावभाव, बोलण्यातली खोच, खेळातले न सांगितलेले नियम त्याला आपसूक उमगत नाहीत. ठरावीक क्रम मोडला की घाबरायला होते. आवाज, वास, स्पर्श सोसत नाहीत किंवा उलट हवेहवेसे वाटतात. प्रत्येक मुलात हे प्रमाण निराळे. एक मूल अजिबात बोलत नाही, दुसरे एसटीचे अख्खे वेळापत्रक म्हणून दाखवते आणि ‘तुला तहान लागली का?’ याला उत्तर देत नाही.

आता हे मूल आपल्या नेहमीच्या शाळेत नेऊन बसवू. लोखंडी टोल पडतो. पत्र्याच्या छपराखाली दोनशे मुले एका सुरात प्रार्थना म्हणतात. मधल्या सुट्टीआधीच खिचडीच्या फोडणीचा वास वर्गात येतो. बाई ‘सगळ्यांनी वह्या काढा’ म्हणतात. आपण त्या ‘सगळ्यांत’ मोडतो हे मुलाला कळत नाही, म्हणून ते बसून राहते आणि उद्धट ठरते. दुपारी कोणीतरी बाक ओढतो, मूल कान दाबून किंचाळते. मग आईला फोन जातो: घेऊन जा. हा फोन आठवड्यातून तीनदा येऊ लागला की पालक स्वतःच मुलाला अर्धा दिवस पाठवू लागतात. कागदोपत्री त्याचा प्रवेश शाबूत असतो. गोणपाट दिसत नाही, एवढेच.

किंचाळणे हा हट्ट नव्हे. हट्टी मूल समोरच्याकडे बघत रडते, हवे ते मिळाले की थांबते. इथे मेंदूवरचा भार पेलेनासा झालेला असतो, त्यावर दटावणे म्हणजे आणखी आवाज. उपाय आधी करायचा असतो, आणि तो बहुधा फुकटचा असतो. टोलाच्या जवळचा बाक नको. प्रार्थनेच्या वेळी रांगेच्या टोकाला उभे राहू द्यावे. दिवसाचा क्रम चित्रांत काढून बाकावर चिकटवावा आणि झालेल्या तासावर फुली मारू द्यावी. सूचना नाव घेऊन, एका वेळी एकच द्यावी. भार वाढू लागला की दाखवायचे एक लाल कार्ड, आणि ते दाखवल्यावर दहा मिनिटे बसायला ग्रंथालयाचा कोपरा. हा कोपरा शिक्षेचा नसावा. तिथे जायचे की नाही हे मूल ठरवते, सारा फरक यातच आहे.

सातारा-सांगलीकडे खरी कसोटी पाचवीत लागते, असे माझे मत आहे. गावातली जिल्हा परिषदेची शाळा बऱ्याच ठिकाणी चौथीपर्यंत. पट कमी, गुरुजी एकच, शेजारपाजारची पोरे बालवाडीपासूनची. त्यांना याच्या खोडी ठाऊक असतात. ‘त्याला डबा उघडताना हात लावायचा नाही’ हे नव्या शिक्षकाला तीच सांगतात. पाचवीला मूल मोठ्या गावच्या हायस्कुलात जाते. वर्गात साठ मुले आणि दर तासाला नवा चेहरा. प्रत्येक शिक्षकाला वाटते, वर्गशिक्षक बघतील. जूनमध्ये थेट नेऊन सोडण्याऐवजी मेच्या सुट्टीत रिकामी शाळा दोन-चारदा दाखवावी, स्वच्छतागृह कुठे ते चालून बघावे, आणि जुन्या गुरुजींनी लिहिलेला एक पानी कागद सर्व विषयशिक्षकांच्या हाती द्यावा: काय आवडते, काय सोसत नाही, बिनसले तर काय करायचे. अख्ख्या फायलीपेक्षा ते पान जास्त वाचले जाते.

ठरलेला क्रम किती नाजूक असतो, हे ऑगस्ट २०१९ च्या महापुराने सांगलीत दाखवले. शाळा बंद, घर सोडून अनोळखी ठिकाणी मुक्काम. अशा वेळी स्वमग्न मुलाचे शिकलेले शब्दही काही काळ मागे पडू शकतात. तो आळस समजू नये.

कायद्याची बाजू आता भक्कम आहे. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यातल्या सात प्रकारांत स्वमग्नता नव्हतीच. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात ती आली, आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या एकवीस प्रकारांत तिला जागा मिळाली. या कायद्याचे कलम १६ शासनाच्या अनुदानित तसेच केवळ मान्यताप्राप्त शाळांनाही लागू आहे: भेदभाव न करता प्रवेश आणि मुलाच्या गरजेनुसार वाजवी सोयी. ‘आमच्याकडे सोय नाही’ हे वाक्य म्हणूनच उत्तर ठरत नाही. प्रमाणपत्रासाठी चाळीस प्रश्नांची भारतीय मापनपट्टी वापरतात; सत्तरच्या खाली गुण आले तर स्वमग्नता नाही असे धरले जाते, १५३ च्या वर तीव्र. चाळीस टक्के दिव्यांगत्व असेल तर सहा ते अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क मिळतो. ‘शिक्का बसेल’ म्हणून प्रमाणपत्र टाळणारे पालक मला समजतात. पण शिक्का वर्गात आधीच बसलेला असतो, ‘येडा’ म्हणून.

उणीव आहे ती माणसांची. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये प्राथमिक स्तरावर दहा आणि त्यापुढे पंधरा दिव्यांग विद्यार्थ्यांमागे एक विशेष शिक्षक असे प्रमाण सांगितले. प्रत्यक्षात फिरत्या विशेष शिक्षकाच्या वाट्याला अनेक गावे येतात. म्हणून वर्गावरच्या नेहमीच्या शिक्षकाने काय करायचे, हाच कामाचा प्रश्न उरतो.

एक सल्ला मात्र मला पटत नाही: ‘घरी एकच भाषा बोला, इंग्रजीच.’ दोन भाषांमुळे स्वमग्न मुलाचे नुकसान होते, असे अभ्यासांत दिसलेले नाही. आजी ज्या भाषेत हाक मारते ती काढून घेतली, तर मुलाशी बोलणारी माणसेच कमी होतात.

कॅनर यांच्या अकरांपैकी पहिला मुलगा डोनाल्ड ट्रिपलेट. मिसिसिपीतल्या फॉरेस्ट नावाच्या छोट्या गावचा. तो गावच्याच हायस्कुलात शिकला, पदवीधर झाला, घरच्या बँकेत नोकरी केली, गोल्फ खेळला आणि २०२३ मध्ये एकोणनव्वदाव्या वर्षी वारला. घर पैसेवाले होते, हे विसरून चालणार नाही. पण गावाने त्याला आपला मानले होते, हेही खरेच.

आपल्याकडच्या दहावीच्या मुलांसाठी घाईचे काम वेगळे आहे. फटाक्यांच्या आवाजाने कान दाबून बसायचे हे दिवस सरले की लगेच लेखनिक शोधायला हवा. मंडळाच्या परीक्षेत तासाला वीस मिनिटे जादा मिळतात आणि खालच्या इयत्तेतला लेखनिक घेता येतो. अर्ज शाळेमार्फत जातो. ऐनवेळी आलेल्या अनोळखी मुलासमोर आपला विद्यार्थी तोंडच उघडणार नाही. नोव्हेंबरपासून दर शनिवारी दोघांना एका बाकावर बसवून जुन्या प्रश्नपत्रिका सोडवून घ्याव्यात, शक्य तर परीक्षा केंद्राच्याच खोलीत.