पण ते आहे कुठं?

शनिवारी सकाळी आमच्या वाचनालयाच्या मागच्या खोलीत चार जुने कॉम्प्युटर आणि नऊ विद्यार्थी असतात. सगळ्यांत धाकटा अठ्ठावन्न वर्षांचा. पहिल्या दिवशी मी वहीतून व्याख्या सांगायला घेतल्या. तेवढ्यात लाइट गेली. परत आली तेव्हा एका काकूंनी भाचीला लिहायला घेतलेलं पत्र गायब. "अहो, आत्ता तर इथं होतं. गेलं कुठं?"

वही मिटली आणि पुढच्या शनिवारी स्क्रूड्रायव्हर नेला.

ज्या डब्याला सगळे 'सीपीयू' म्हणतात तो उघडला. आत बोटभर धूळ. खरा सीपीयू म्हणजे पंख्याखाली दडलेली बिस्किटाएवढी चिप. हिशेब ती करते. शेजारची उभी हिरवी पट्टी म्हणजे रॅम. खाली हार्ड डिस्क. काकूंना म्हटलं, रॅम हा तुमचा ओटा आणि हार्ड डिस्क हे फडताळ. चिरणं, निवडणं ओट्यावर. पण लाइट गेली की हा ओटा आपोआप पुसला जातो. 'सेव्ह' म्हणजे जिन्नस फडताळात ठेवणं. कॉम्प्युटर रखडतो म्हणून दुकानदाराच्या सांगण्यावरून मोठी हार्ड डिस्क घेतलेले एक आजोबा तिथेच हळहळले. फडताळ वाढवून ओटा थोडाच वाढतो!

सेव्हच्या बटणावरचं चौकोनी चित्र कसलं, हे कुणालाच माहीत नव्हतं. ती फ्लॉपी. तिच्यात १.४४ एमबी मावायचं. आजच्या मोबाइलमधला एक फोटोही बहुधा मावणार नाही. मोजमाप बाइटमध्ये. इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो. देवनागरीला यूटीएफ-८ या रूढ पद्धतीत तीन. म्हणजे 'आई' सहा बाइटची. हे ऐकून वर्ग उगीचच खूश झाला.

इंटरनेट मात्र मला नीट सांगता येईना. ते सांगितलं एसटीच्या निवृत्त कंडक्टरांनी. "इंटरनेट म्हणजे रस्ते, वेबसाइट म्हणजे गावं आणि ब्राउझर ही गाडी. मग गूगल?" "चौकशीची खिडकी," मागून कुणीतरी म्हणालं. माझ्या वहीत याहून बरं काही नव्हतं. रस्ते आधीचे, १९६९च्या अर्पानेटपासूनचे. टिम बर्नर्स-ली यांनी वेबची कल्पना मांडली ती १९८९ साली. वेबसाइटचं नाव आपल्या सोयीसाठी असतं, यंत्राला लागतो आकडा, म्हणजे आयपी अ‍ॅड्रेस. नावावरून आकडा शोधून देणाऱ्या व्यवस्थेला डीएनएस म्हणतात.

'क्लाउड' म्हटल्यावर मात्र दोघांनी खरोखर छताकडे पाहिलं. इतका फसवा शब्द या धंद्यात दुसरा नसेल. फोटो ढगात जात नाहीत, दुसऱ्याच्या फडताळात जातात. ते ऐरोलीच्या एखाद्या डेटा सेंटरमध्ये असेल, नाहीतर थेट सिंगापुरात. तिथवरची वाटही आभाळातून नाही. वर्सोव्याच्या किनाऱ्यावर वर येणाऱ्या, समुद्रतळावरून टाकलेल्या केबलींमधून ती जाते. "म्हणजे भाडेकरूच झालो की," काकू म्हणाल्या. पासवर्ड ही किल्ली, हे वेगळं सांगावं लागलं नाही.

मागच्या शनिवारी पुन्हा लाइट गेली. काकूंच्या पत्राची शेवटची ओळ तेवढी गेली. बाकीचं फडताळात होतं.