नफा वहीत, तोटा फडताळात

१९१४ मध्ये, महायुद्धापूर्वी, एका अमेरिकन डॉलरला ४.२ जर्मन मार्क पडत. नोव्हेंबर १९२३ मध्ये त्याच डॉलरला ४.२ लाख कोटी मार्क मोजावे लागले. बर्लिनमध्ये एका पावाची किंमत २० हजार कोटी मार्कांच्या घरात गेली. हे आकडे अनेकांनी वाचलेले असतात. मात्र त्या वर्षी गल्ल्यावर बसलेल्या व्यापाऱ्याचे काय झाले, याकडे सहसा लक्ष जात नाही.

रोगाचे मूळ सरकारी तिजोरीत होते. युद्धाचा खर्च करांऐवजी मुख्यतः कर्जावर भागविला गेला. पुढे युद्धभरपाईचा बोजा आला. जानेवारी १९२३ मध्ये फ्रान्स व बेल्जियमच्या सैन्याने रूरचा कोळसा-प्रदेश व्यापला, तेव्हा असहकार पुकारलेल्या कामगारांना नोटा छापूनच पोसावे लागले.

व्यापाऱ्यापुढचा पेच हिशेबाचा होता. शंभरास घेतलेला माल दीडशेस विकला, तर वहीत पन्नास नफा दिसे. परंतु तोच माल पुन्हा भरण्यास दोनशे लागत. नफा मिळवीत मिळवीत दुकाने रिकामी होत गेली! नव्या खरेदीचा भाव लावावा, तर नफेखोरीविरोधी कायद्याचे भय. माल रोखून धरावा, तर दाराशी संतप्त गिऱ्हाईक. पुस्तकविक्रेत्यांनी यातून एक तोड काढली. पुस्तकाची मूळ किंमत कायम ठेवायची आणि संघटनेने वेळोवेळी जाहीर केलेल्या गुणकाने तिला गुणायचे. गुणक बदलला की भाव बदलला. मजुरी रोजच्या रोज, क्वचित दिवसातून दोनदा वाटली जाई. हाती पडताच लोक बाजार गाठीत.

सर्वांत मोठा घाव बसला तो उधारीवर. जुलैअखेर डॉलरचा भाव सुमारे ११ लाख मार्क होता, ऑगस्टअखेर तो एक कोटीच्या घरात पोहोचला. महिन्याच्या बोलीने दिलेल्या मालाचे पैसे ऋणकोने ठरल्या दिवशी पै न् पै चुकते केले, तरी धनकोच्या पदरी मूळ मोलाचा जेमतेम दशांश पडे. ऋणको लबाड नव्हता, त्यामुळे तक्रार तरी कोणाची करावी? कायद्याच्या लेखी जुना मार्क आणि नवा मार्क एकच. गहाणखते कवडीमोल कागदाने फिटली. ह्यूगो स्टिनेससारख्या उद्योगपतींनी कर्ज काढून कारखाने घेतले. आयुष्यभर काटकसर करून ठेवी ठेवणारे मात्र धुऊन निघाले.

१५ नोव्हेंबर १९२३ रोजी रेंटेनमार्क हे नवे चलन आले. एक रेंटेनमार्क म्हणजे एक लाख कोटी जुने मार्क. त्याची छपाई मर्यादित ठेवण्यात आली आणि भाव स्थिरावले. त्याच महिन्याच्या अखेरीस सर्वोच्च न्यायालयाने जुने कर्ज निरुपयोगी नोटांनी फेडणे सद्भावनेस धरून नाही, असा निर्णय दिला. १९२५ च्या कायद्याने गहाणकर्जांचे मोल सर्वसाधारणपणे मूळ सुवर्णमूल्याच्या शेकडा पंचवीस ठरविले. सरकारी रोखे बाळगणाऱ्यांच्या वाट्याला सर्वसाधारणपणे शेकडा अडीच आले.