पदर उलटा करून बघा

वेरूळ-अजिंठा बघायला आलेलं कुटुंब छत्रपती संभाजीनगरातून रिकाम्या हातानं क्वचितच परततं. लेकीच्या लग्नासाठी पैठणी, नाहीतर निदान वडिलांसाठी हिमरू शाल घेतली जातेच. एवढ्या हौसेच्या खरेदीत माणसं फसतात, तेव्हा पुष्कळदा दोष ऐकीव परीक्षांचा असतो. 'अंगठीतून काढून बघा', 'धागा जाळून बघा', 'मागे दोरे दिसले की नकली समजा' असं सांगणारं कुणीतरी प्रत्येक घरात असतं. यातले बहुतेक सल्ले अगदीच चुकीचे नाहीत, अर्धे आहेत. पैठणी आणि हिमरू या विणायच्या दोन निराळ्या रीती. एकीची परीक्षा दुसरीला लावली की खरा माल नाकारला जातो आणि खोटा गळ्यात पडतो.

'मागे दोरे दिसले की माल नकली'

पैठणीच्या पदरापुरतं हे बऱ्याच अंशी खरं आहे. पारंपरिक पैठणीचा पदर विणताना नक्षीचा धागा या काठापासून त्या काठापर्यंत धावत नाही. नक्षीतल्या प्रत्येक रंगासाठी वेगळी छोटी कांडी असते. मोराच्या मानेचा निळा धागा मानेच्या रुंदीइतकाच जातो, शेजारच्या जरीच्या धाग्यात अडकतो आणि तिथूनच मागे वळतो. मग पिसाऱ्याचा हिरवा, चोचीचा लाल, मधली जरीची जमीन, पुन्हा दुसऱ्या मोराचा निळा, असं करत एक आडवी ओळ पुरी होते. विणकर ती ठोकून बसवतो आणि पुढची ओळ धरतो. भरगच्च पदर असेल तर दिवसभर बसूनही काम बोटभर पुढे सरकतं. साडीला काही आठवडे लागतात, काही साड्यांना वर्षसुद्धा लागतं, ते यामुळे. या रीतीत मागे मोकळा राहायला धागाच उरत नाही. पदर उलटा केला तरी मोर तसाच नीट दिसतो, फक्त त्याचं तोंड दुसऱ्या बाजूला वळतं. क्वचित एखादं धाग्याचं टोक हाताला लागेल, तेवढंच.

यंत्रमागावरच्या 'सेमी पैठणी'त नक्षी जकार्डनं, म्हणजे नक्षीसाठी धागे उचलणाऱ्या यंत्रणेनं, उठवलेली असते. रंगीत धागा हवा तिथे वर येतो आणि नको तिथे कापडाच्या मागे मोकळा पडून राहतो. मग तो कातरून टाकतात किंवा तसाच सोडतात, आणि बांगड्यांत अडकू नये म्हणून पुष्कळदा मागून जाळीचं अस्तर लावतात. पदराला अस्तर दिसलं की तिथेच थांबून विचारायला हवं. एक बारकावा मात्र ध्यानात ठेवा. येवल्यात हातमागावरच जकार्ड चढवून ब्रोकेड पैठणी विणतात. तिच्याही मागे धागे दिसतात, पण ती हातमागाचीच असते. विणायची रीत वेगळी आहे हे दुकानदारानं आपणहून सांगायला हवं आणि भावही त्या हिशेबानं लावायला हवा.

आता हीच परीक्षा हिमरूला लावून बघा. हिमरूत जमीन सुताची आणि नक्षी रेशमाची. सुती ताण्या-बाण्यावर, म्हणजे उभ्या-आडव्या धाग्यांवर, जादा रेशमी बाणा खेळवून वेली, बुट्टे, अननस, डाळिंब उठवतात. नक्षीत न आलेलं रेशीम कापडाच्या मागे मोकळं राहतं आणि त्याचा एक सैलसर थर तयार होतो. शालीला मऊपणा येतो तो या थरामुळे, आणि मराठवाड्याच्या बेताच्या थंडीला पुरेल एवढी ऊबही तोच देतो. म्हणजे पैठणीच्या पदरामागे जे नको, ते हिमरूच्या मागे हवंच. हिमरू म्हणून दाखवलेल्या कापडाची उलटी बाजू कोरी आणि सपाट दिसली, तर ते छापील असण्याची शक्यता आधी तपासावी. मात्र यंत्रमागावरच्या हिमरूलाही असाच मागचा थर असतो. त्यामुळे थर दिसला म्हणजे कापड हिमरूच्या रीतीचं आहे एवढंच कळतं, हातमागाचं आहे असं सिद्ध होत नाही.

याच शहरात एके काळी विणलं जाणारं तिसरं कापड म्हणजे मशरू. त्याची पुढची बाजू रेशमाची, चकचकीत. अंगाला लागणारी बाजू सुताची. तिथे पुढची आणि मागची बाजू वेगळी असणं हीच खूण आहे.

'धागा जाळला की कळतं'

कळतं, पण कुठला धागा जाळला त्यावर. खरं रेशीम जळताना केस जळल्यासारखा वास येतो, ज्योत बाजूला केली की ते विझू लागतं, आणि उरलेली काळी राख बोटांनी चुरडली जाते. पॉलिएस्टर वितळून त्याची कडक गोळी होते. सूत आणि रेयॉन कागदासारखे जळतात, तसाच वास येतो.

हिमरूच्या बाबतीत घोटाळा होतो तो इथेच. गिऱ्हाईक सोयीचा म्हणून शालीच्या झालरीतला धागा ओढतं. ती झालर म्हणजे ताण्याची टोकं, आणि हिमरूचा ताणा सुती. कागदाचा वास आला की 'यात रेशीम नाहीच' असा निकाल देऊन माणूस निघून जातो, आणि अस्सल शाल तिथेच राहते. नक्षीतला, मागच्या थरात मोकळा असलेला धागा मागून घ्या. तो केसासारखा जळला तर रेशीम. कागदासारखा जळला तर रेयॉन. आज बाजारात हिमरू म्हणून मिळणाऱ्या पुष्कळशा शालींत रेशमाच्या जागी रेयॉनच असतं. ती शाल वाईट असते असं नाही, रोज वापरायला छानच असते. तिची किंमत रेशमाची नसावी, एवढंच.

आणि अंगठीची परीक्षा? कुठलंही तलम, निसरडं कापड अंगठीतून निघतं, पॉलिएस्टर तर झरकन निघतं. जड पदराची अस्सल पैठणी मात्र अडकेल. ही परीक्षा सोडूनच द्या.

'हिमरू म्हणजे काश्मिरी लोकर'

हिमरूत लोकर नसते. शाल म्हटलं की डोळ्यांपुढे काश्मीर येतं, म्हणून हा समज झाला असावा. हिमरू दख्खनचं कापड आहे. मुहम्मद तुघलकानं 1327 च्या सुमाराला राजधानी दिल्लीहून दौलताबादला हलवली, तेव्हा त्याच्याबरोबर आलेल्या कारागिरांनी ही विद्या इथे आणली, असं परंपरा सांगते. सोन्या-चांदीच्या तारांनी विणलेलं किनखाब राजेरजवाड्यांना परवडायचं. त्याची शोभा सूत आणि रेशमात उतरवली ती हिमरूनं. निजामाच्या काळात हिमरूच्या शेरवान्या शिवल्या जात. आज शहरात हिमरूचे हातमाग बोटांवर मोजण्याइतके उरलेत, ते चालवणारी घरंही तेवढीच. म्हणून दुकानोदुकानी हातमागाच्या हिमरूचे ढीग लागलेले दिसले तर विचार करा, एवढं विणलं कुणी?

'पैठणी पैठणचीच, बाकी सगळ्या नकली'

पैठण म्हणजे सातवाहनांचं प्रतिष्ठान, शहरापासून पन्नासेक किलोमीटरवर गोदाकाठी. नाव तिथलंच. पण आज हातमागावरच्या बहुसंख्य पैठण्या नाशिक जिल्ह्यातल्या येवल्यात विणल्या जातात. 2010 मध्ये पैठणीला भौगोलिक मानांकन मिळालं, त्यात पैठण आणि येवला दोन्ही आहेत. संभाजीनगरच्या दुकानात 'ही येवल्याची' असं कुणी सांगितलं तर तो खरं बोलतोय म्हणून बरं वाटायला हवं. उलट, पैठणला जाऊन घेतली म्हणजे अस्सलच मिळाली, असंही समजू नका. सेमी पैठण्या तिथल्या दुकानांतही टांगलेल्या असतात.

'सिल्क मार्क आहे, आता काळजी नाही'

शिकलीसवरलेली माणसं फसतात ती इथे. केंद्रीय रेशीम मंडळाच्या पुढाकारानं 2004 मध्ये सुरू झालेला सिल्क मार्क एकच हमी देतो: कापडातलं रेशीम शुद्ध आहे. ते कुठे विणलं, हातमागावर की यंत्रमागावर, याबद्दल तो काही सांगत नाही. यंत्रमागावरच्या शुद्ध रेशमी साडीलाही तो रीतसर मिळतो. हातमागासाठी वेगळी खूण आहे, 2006 पासूनचा हँडलूम मार्क. 7 ऑगस्ट 2015 ला सुरू झालेला 'इंडिया हँडलूम ब्रँड' दर्जाची हमी देतो. ठिकाण आणि परंपरा सांगतं ते भौगोलिक मानांकन. लेबल दिसलं म्हणून समाधान मानू नका, कोणतं लेबल आहे ते वाचा. हिमरूला तर सिल्क मार्क नसणंच स्वाभाविक आहे, कारण त्यात सूतही असतं.

'दुकानात माग चालू होता, मी डोळ्यांनी पाहिला'

वेरूळच्या वाटेवरची, दौलताबादच्या आसपासची आणि शहरातली कितीतरी दुकानं दाराशी एखादा माग मांडतात. त्यावर काम चालूही असतं आणि ते बघण्यासारखं असतं. पण एका मागावर वर्षाला किती साड्या निघतील, आणि फडताळात किती आहेत? हा हिशेब डोक्यात ठेवा. गाडीवाल्यानं नेलेल्या 'फॅक्टरी'त त्याचं कमिशन साडीच्या किमतीत असू शकतं, हेही धरून चाला. माझं मत विचाराल तर वेळ काढून विणकराच्या घरी जा. मागावर चढलेली साडी, तिच्या कांड्या आणि तिच्यामागे बसलेलं माणूस पाहिल्यावर किमतीवरून घासाघीस करावीशी वाटणार नाही, आणि तसंच व्हावं असं मला मनापासून वाटतं.

जरीबद्दल थोडक्यात. 'खरी पैठणी म्हणजे सोन्याची जर' हे आजीच्या काळाचं झालं. त्या काळच्या साड्यांच्या जरीत चांदी होती, वर सोन्याचा मुलामा होता. म्हणून तर जुन्या साड्या जाळून चांदी काढणारे दारोदार फिरायचे आणि कितीतरी सुंदर पदर असे कायमचे गेले. आज बहुतेक पैठण्यांत सुरतेची जर असते, तांब्याच्या तारेवर चांदीचा आणि वर सोनेरी थर दिलेली. साडी हातमागाची आणि अस्सल रेशमाची असेल तर या जरीमुळे ती खोटी ठरत नाही. सगळ्यात हलकी जर प्लॅस्टिकच्या चकचकीत पट्टीची असते. कोणती वापरली, ते सरळ विचारायचं.

भावाचं गणित सोपं आहे. कच्चं रेशीम किलोला काही हजार रुपये, साडीत ते अर्ध्या किलोच्या आसपास लागतं, वर जर आणि विणकराची कितीतरी दिवसांची मजुरी. दीड-दोन हजारात कुणी हातमागाची रेशमी पैठणी देत असेल तर ती सेमी आहे. सेमी म्हणून आनंदानं घ्या, नेसा, पण तशीच घेतल्याचं माहीत असू द्या.

शेवटी पावती. 'साडी 1 नग' एवढ्यावर पैसे देऊ नका. शुद्ध रेशीम की मिश्र, हातमाग की यंत्रमाग, कुठे विणली, जर कोणती, या चार गोष्टी पावतीवर लिहून मागा. खरं विकणारा लगेच लिहून देतो. जो टाळाटाळ करतो त्याच्याकडून घेऊ नका. परगावहून आलेल्यांना वाटतं की नंतर तक्रार करायला पुन्हा एवढ्या लांब कोण येणार. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं ती अडचण दूर केली आहे. तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते आणि मुदत दोन वर्षांची असते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915. पावती जपून ठेवा.